पुनाजींच्या चंचीतल्या आठ खुंट्या

पुनाजी मरसकोल्हे लाकडाला गाल लावून पाहायचे. फळी रंधून झाली, पॉलिश पेपर मारून झाला, की ती दोन्ही हातांत धरायची, डोळे मिटायचे आणि तिच्या कडेवरून इकडून तिकडे गाल फिरवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "पुनाजीभाऊ, लाकडाचे लाड करता की काय?" असं मी विचारलं, तर डोळे न उघडताच म्हणाले, "हाताले घट्टे पडले बाई. हात आता खोटं सांगते. गाल नाई सांगत."

आर्वीत सुतार काही कमी नव्हते. बस स्टँडपासून बाजारापर्यंत चार-पाच तरी होते आणि सगळे पुनाजींपेक्षा भराभर काम करायचे. पुनाजींचं सगळंच सावकाश. आरा मशीनच्या मागे त्यांची टिनाची शेड होती. मूळ गाव रोहण्याच्या पलीकडे. तरुणपणी ते जंगलात लाकूडतोडीच्या कामाला जायचे, त्या लाकडामागोमाग आरा मशीनवर आले आणि हत्यारं हाताळता हाताळता सुतार झाले. घरी बायकोशी, म्हणजे रुखमाबाईंशी, गोंडी बोलायचे, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि हातात रंधा असला की कोणाशीच काही नाही. तुम्ही दारात उभे राहून कंटाळलात तरी रंध्याची ओळ संपल्याशिवाय ते मान वर करत नसत. मला अशा माणसांचा फार राग येतो, कारण मी स्वतः अर्ध्या वाक्यातच उत्तर मागणारी आहे.

मी हर्षा. माहेर नागपूरच्या इतवारीतलं, सासर आर्वीच्या कापड दुकानवाल्यांचं. घरात आपसांत आम्ही मारवाडी-हिंदी बोलतो आणि दारातल्या माणसांशी वऱ्हाडी. चार पिढ्या इथेच गेल्यात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, मी त्यातली. हे मी आपणहून सांगते, म्हणजे सासरच्यांना सांगायचे कष्ट नकोत.

गोष्ट सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतरची. आदल्या वर्षी माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही आणि मला तर दुसरं काही सुचायचं नाही. परत दिवस गेले तेव्हा मी ठरवलं, या वेळी घाबरून बसायचं नाही. बाळाची खोली आधीच तयार करायची, रीतसर. कुठल्याशा मासिकातलं एक रंगीत पान मी कापून ठेवलं होतं. पांढराशुभ्र पलंग, त्याला चाकं, डोक्याकडच्या फळीवर कोरलेली फुलं, मध्ये गोल आरसा, शेजारी माझ्या उंचीचं कपाट. ते पान घेऊन मी पुनाजींच्या शेडमध्ये गेले.

त्यांनी पान उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"चाकं काऊन?"

"इकडून तिकडे न्यायला सोपं."

"लेकरू उभं राहून हालवीन तं पलंगच निघन गावाले."

मग आरसा गेला, कारण आरसा फुटतो. फुलं गेली, कारण नक्षीत मळ बसतो आणि बारकं बोट अडकतं. पांढऱ्या रंगासाठी मी जरा भांडले. पुनाजी म्हणाले, "दात येते तवा लेकरू पयले पलंगच खाते, बाई. रंग पोटात जाइन. मी जवसाचं तेल लावतो. पोटात गेलं तरी अन्नच हाय." कपाटाचं तर त्यांनी मला नाटकच करून दाखवलं. खालचा ड्रॉवर ओढला, त्यात पाय ठेवला, वरचा धरला, आणि अख्खं कपाट अंगावर आलं असं हातांनी दाखवलं. "ठेंगणं करू. माह्या कमरेइतकं. अन् भिंतीले आवळू."

"मग माझ्या चित्रातलं राहिलं काय?" मी चिडून विचारलं.

त्यांनी पुन्हा एकदा पान पाहिलं. "चार पाय," ते म्हणाले.

खिळा मात्र एकही मारणार नव्हते. खिळा गंजतो, ढिला होतो आणि एक दिवस त्याचं डोकं बाहेर येतं. सगळे सांधे खाचेत बसणार आणि चारही कोपरे धावड्याच्या टणक लाकडाच्या आठ खुंट्यांनी आवळले जाणार. राहिले बाजूचे उभे दांडे. दोन दांड्यांत किती जागा सोडायची, तर तीन बोटं. त्याहून जास्त असली तर लेकराचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. हे सांगताना त्यांनी आपली तीन बोटं फळीवर ठेवली. रुखमाबाई नेमक्या त्याच वेळी डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचे तीन म्हणजे मानसाचे चार." पुनाजींनी आपली बोटं पाहिली, आणि हात मागे घेतला. मग रुखमाबाईंनी आपली तीन बोटं ठेवली. त्या मापाची एक काडी पुनाजींनी तिथल्या तिथे कापून घेतली. काडी कापून होते न होते तोच रुखमाबाई निघूनही गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं एवढं मला ठाऊक होतं, त्यामुळे मी काही विचारलं नाही.

खरी अडचण घरात होती. माझ्या सासूबाई शकुंतलाबाई, ज्यांना मी मांजी म्हणते, त्यांच्या राज्यात बाळ जन्मायच्या आधी बाळाचं टोपडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि ही सूनबाई पलंग आणायला निघाली. आदल्या वर्षी मी लपवून लोकर आणली होती आणि त्यानंतर जे झालं ते झालं. मांजींनी लोकरीचा विषय एकदाही काढला नाही, पण तो त्यांच्या मनात आहे हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात होता. भांडण मी तरीही केलं. मोतीलालजी, म्हणजे माझे सासरे, दुकानात निघून गेले. माझे यजमान योगेंद्र त्यांच्या मागोमाग गेले.

शेवटी मांजींनीच पुनाजींना बोलावून घेतलं, काम थांबवा म्हणून सांगायला. पुनाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेठाणीबाई, जोडला नाई तोवर तो पलंग नाई. लाकूडच हाय. खुंट्या माह्यापाशी राह्यतीन. लेकरानं उंबरठा ओलांडला का मी येतो अन् ठोकतो."

मांजींना ही तोड पटली. नियम न मोडता वाट काढणं त्यांना मनापासून आवडतं. उपासाला साबुदाणा चालतो हे ज्यानं ठरवलं तो आमच्याच घराण्यातला असणार. मला मात्र एका गोष्टीचं नवल वाटलं. पुनाजींसारखा सावकाश माणूस, पण हे उत्तर त्यांनी लगेच दिलं. जसं काही त्यावर त्यांचा पूर्वीच कधीतरी पुष्कळ विचार करून झाला होता.

चैत्रात सामान घरी आलं. डोक्याकडची आणि पायाकडची फळी, लांब पट्ट्या, चार पाय आणि सुतळीने बांधलेले अठ्ठावीस दांडे. "जिथं राहाचं तिथल्या हवेची सवय झाली पाह्यजे लाकडाले," असं सांगून त्यांनी ते कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीशी रचलं आणि वर चादर टाकली. आठ खुंट्या त्यांच्या तंबाखूच्या चंचीत गेल्या. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, लाकूड आहे. माझा दीर धीरज रोज दुकानातून आला की गंभीर चेहरा करून विचारायचा, "भाभी, लाकूड की तबीयत कैसी है?"

आणि मग वैशाखात, सात आठवडे आधीच, मला कळा सुरू झाल्या. आर्वीहून सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. मुलगी झाली. सोळाशे ग्रॅम. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मला सांगितलं, वाट पाहायची.

पाच आठवडे वाट पाहिली. जवळच एक खोली घेऊन मी आणि माझी आई राहिलो. मी रडले नाही. रडले तर काहीतरी कबूल केल्यासारखं होईल असं मला वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पुनाजी आले. एस.टी.ने वर्धा, तिथून सेवाग्राम, एवढ्या उन्हात. आत काही येईनात. बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले, मीच गेले. कशी आहे, दूध पिते का, असलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"डोकं केवढं हाय?"

मी हाताने दाखवलं. संत्र्याहून थोडंसं मोठं.

त्यांनी माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग चंची काढली, सोडली, आणि आठही खुंट्या तळहातावर ओतून मला दाखवल्या. तेल लावून लावून त्या तुकतुकीत झाल्या होत्या. "हायेत," एवढंच म्हणाले, परत चंचीत भरल्या आणि पुढच्या गाडीने गेले. एवढं सांगायला माणूस आर्वीहून आला, असं आई म्हणाली. मला मात्र त्या रात्री पहिल्यांदा जरा झोप लागली.

जूनमध्ये सव्वादोन किलोची प्रेरणा घरी आली. मांजींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आम्ही आत आलो. पुनाजी ओसरीवर हत्यारांची पेटी घेऊन सकाळपासून बसलेच होते. आम्ही आत गेल्यावर दहा मिनिटं थांबून ते खोलीत आले, चादर काढली, सुतळी सोडली आणि दांडे एकेक करून फरशीवर ठेवू लागले.

त्यातले दोन दांडे फरशीवर डुलले.

पुनाजींनी ते उचलून डोळ्यासमोर धरले. दोन्हींना मधोमध बाक आला होता. पट्टीच्या खाचांत बसवून पाहिले तर रुखमाबाईंच्या मापाची काडी मधल्या जागेत सैल फिरत होती. तीन बोटांची जागा चार बोटं झाली होती.

दारात उभ्या असलेल्या मांजींचा चेहरा मी पाहिला आणि काय झालं ते मला कळलं. वैशाखात आमच्या गच्चीवर मूग पापडांचं मोठं काम असतं. पापड वाळत घातलेल्या साड्या वाऱ्यानं उडतात, म्हणून त्यांचे काठ सरळ दांड्याला गुंडाळून वर दगड ठेवावे लागतात. मांजींना दोन सरळ दांडे हवे होते, आणि घरात लाकूड तर पडलेलंच होतं. महिनाभर दिवसा सेहेचाळीस डिग्रीचं ऊन, आणि संध्याकाळी गच्ची थंड करायला मारलेलं पाणी. मग पापड आटोपल्यावर मांजींनी दांडे स्वच्छ पुसून, परत जुडीत बांधून ठेवले होते.

"दोनच तं दांडे नेले होते पुनाजी," मांजी हळू आवाजात म्हणाल्या. "तुमीच म्हणे, लाकूडच हाय."

"हो शेठाणीबाई. म्याच म्हटलं."

योगेंद्र म्हणाले, त्या जागेत कापड बांधू. पुनाजी म्हणाले, कापड सुटते. योगेंद्र म्हणाले, मग उद्या नागपूरहून तयार पलंग आणतो. पण मला त्याच रात्री पलंग हवा होता. मी झोपेत लोळणारी बाई आहे. एवढ्याशा जिवाला कुशीत घेऊन डोळा लागला आणि मी कूस बदलली तर, या एका भीतीने सेवाग्रामच्या शेवटच्या आठवड्यात मी बसून रात्री काढल्या होत्या. पाच आठवडे जे रडू मी धरून ठेवलं होतं ते त्या दोन वाकड्या दांड्यांपायी आलं. प्रेरणाला मांडीवर घेऊन मी सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडले. मांजी खाली बसल्या.

पुनाजी माझं रडणं थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "नवे दांडे दोन घंट्यात होते. पन माह्यापाशी हाय ते लाकूड अजून ओलं हाय. आज सरळ, दिवाळीले वाकडं. पक्कं वाळलेलं लाकूड एका जागी हाय. पाहून येतो." पेटी तिथेच ठेवून ते गेले.

दिवेलागणीला परत आले ते सरळ खोलीत गेले नाहीत. ओसरीवर मांजी होत्या, त्यांच्यासमोर बसून त्यांनी फडकं सोडलं. आत दोन दांडे होते, कोऱ्या चहासारखे काळपट, तेल लावून चमकणारे. एकदम सरळ.

"लावाच्या आंधी सांगाचं हाय," पुनाजी म्हणाले. "हे आमच्या पाळण्याचे हायेत. रुखमाले आठवा महिना होता तवा म्या पाळणा केलता. नवा नवा सुतार होतो. जोडला, आढ्याले टांगला अन् साऱ्या मोहल्ल्याले बोलावून दाखवला. पोरगं झालं. एक दिवस राह्यलं. एकोणीस वर्सं झाले. जाळवला नाई, कोणाले देववला नाई. चुलीवरच टांगून होता. धुरानं वाळला. असं लाकूड आता वाकत नाई."

आतून मी ऐकत होते. जोडला नाही तोवर लाकूडच, हे उत्तर त्यांच्याजवळ तयार का होतं ते मला त्या क्षणी समजलं.

"म्या नाई सोडला," ते पुढे म्हणाले. "रुखमानं सोडला. म्हणे, नेऊन लावा, पन सांगून लावा. तुमच्या घरात चालत नसन तं मी वापस नेतो. तुम्ही म्हणसान तसं."

मी दारात येऊन उभी राहिले. टोपडं चालत नाही त्या घरात रिकाम्या राहिलेल्या पाळण्याचं लाकूड. आजपर्यंत मांजींच्या समजुतींना हसणारी मी, आणि त्या वेळी मलाच वाटलं की मांजींनी नाही म्हणावं. त्याची लाज मला आजही वाटते.

मांजींनी एक दांडा उचलला. उजेडात धरून पाहिला. मग पदर बाजूला केला, डोळे मिटले आणि पुनाजी लावतात तसा आपला गाल त्या दांड्याला लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला.

"ज्या मायबापानं एकोणीस वर्सं हे जपलं," त्या म्हणाल्या, "त्यायच्या हातचं लाकूड लेकराले राखतेच. लावा."

पुनाजी उठले. दोन पावलं गेले आणि थांबले. "माप पाहा लागते," ते म्हणाले. "माप तिच्या बोटाचं हाय."

"मंग आणलं काऊन नाई तिले?"

"आलीच हाय. फाटकाबाहेर हाय. आत येत नाई. म्हणते, बारक्या लेकराच्या घरी मी कशी येऊ."

मांजी गुडघेदुखीमुळे ओसरीच्या पायऱ्या सहसा उतरत नसत. त्या दिवशी उतरल्या. फाटकाशी काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण रुखमाबाई आल्या तेव्हा मांजींनी त्यांचं मनगट धरलेलं होतं आणि खोलीत येईपर्यंत सोडलं नाही.

पुनाजींनी दांडे बसवले, पट्ट्या चढवल्या, चंची काढली. एकेक खुंटी ठोकली. मला वाटलं, प्रेरणा दचकून उठेल, पण ती माझ्या खांद्यावर शांत निजली होती. आठवी खुंटी बसल्यावर रुखमाबाई पलंगाच्या कडेने फिरल्या. प्रत्येक फटीत तीन बोटं घालून पाहिली. अठ्ठावीस दांडे, दोन्ही बाजू. काळ्या दांड्यांपाशी आल्या तेव्हा बोटं जरा जास्त वेळ तिथे राहिली.

"तीन," त्या म्हणाल्या.

मग मी प्रेरणाला त्यांच्याच हातात दिलं. त्यांनीच तिला पलंगात ठेवलं.

त्यानंतर रुखमाबाई आमच्या घरी येत राहिल्या. प्रेरणा बसायला लागली, दांडे धरून उभी राहायला लागली. पुनाजींनी सांगितलं होतं तसंच झालं. दात आले आणि तिने पलंग खायला घेतला. अठ्ठावीस दांडे होते, पण ही पोरगी उभी राहायची ती खिडकीच्या बाजूच्या काळ्या दांड्यापाशीच, आणि तोच चावायची. चार वर्षांची झाल्यावर पलंग सोडून ठेवला. खुंट्या पुनाजी घेऊन गेले. रिकामा जोडलेला ठेवायचा नाही, हा आता आमच्याही घराचा नियम झाला होता.

दोन हजार सहा साली धीरजच्या बायकोला दिवस गेले. नववा महिना लागल्यावर पुनाजींना निरोप गेला, पलंग नवा करून द्या. आता केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, रुखमाबाई सोबत होत्या. आमच्या अंगणात त्यांनी सगळे दांडे पसरले. आठ वर्षांची प्रेरणा शेजारी उकिडवी बसून पाहत होती.

पुनाजींनी तो काळा दांडा उचलला आणि गाल लावला. मध्येच थांबले. तिथे बारीक बारीक खाचा होत्या, दाटीनं, वर-खाली. मी म्हटलं, "हिच्या दातांच्या खुणा आहेत पुनाजीभाऊ. एवढ्या घासून टाका, नव्या बाळाच्या अंगाला लागतील."

त्यांनी पॉलिश पेपर उचलला. मग तो तसाच हातात धरून दांडा रुखमाबाईंपुढे केला. रुखमाबाईंनी त्या खाचांवरून बोट फिरवलं, सावकाश, एक न् एक खाच.

"लागत नाई," त्या म्हणाल्या. "राहू द्या."

उभ्या आयुष्यात खडबडीत लाकूड हातावेगळं न केलेल्या पुनाजींनी तो दांडा बाजूला ठेवला आणि बाकीचे सत्तावीस घासायला घेतले.